डॉक्टरकीचा पदवीदान समारंभ: पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी तयारीचा क्रम

पदवीदानाची तारीख जाहीर झाली की बॅचच्या ग्रुपवर पहिला प्रश्न येतो कपड्यांचा आणि दुसरा फोटोंचा. नावाचं स्पेलिंग, शपथेचा मजकूर, नंतर लागणारे कागद यांबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, आणि समारंभ उरकल्यावर महिनोन्‌महिने डोक्याला ताप होतो तो नेमका यांचाच. म्हणून या लेखातला क्रम थोडा वेगळा आहे. कपड्यांकडे येऊच, पण आधी कागद.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. देशोदेशी पद्धती वेगळ्या आहेत. कुठे वैद्यकाची पहिली पदवी बॅचलर दर्जाची असते, कुठे डॉक्टरेट दर्जाची. कुठे विद्यापीठाच्या मोठ्या समारंभात वैद्यकवाल्यांच्या चार रांगा असतात, कुठे महाविद्यालय स्वतःचा वेगळा समारंभ करतं, कुठे दोन्ही होतात. त्यामुळे तुमच्या महाविद्यालयाचं परिपत्रक आणि हा लेख यांच्यात फरक दिसला तर परिपत्रक खरं. सीनिअरनी सांगितलेलंही परिपत्रकाशी ताडून बघा. त्यांच्या वर्षी हॉल वेगळा असतो, नियम वेगळे असतात आणि आठवण तर त्याहून वेगळी असते.

दोन-तीन महिने आधी: तुमचं नाव यादीत आहे ना?

परीक्षा पास झालो म्हणजे समारंभाच्या यादीत आपोआप नाव गेलं, असा समज सर्रास असतो. बहुतेक ठिकाणी वेगळा अर्ज करावा लागतो, शुल्क भरावं लागतं आणि त्याची मुदत समारंभाच्या बऱ्याच आधी संपते. अर्जाची पोच, पैसे भरल्याची पावती आणि उत्तरादाखल आलेली ईमेल, तिन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवा.

त्याच्याच जोडीला नो-ड्यूजचं, म्हणजे कुणाचं काही देणं बाकी नसल्याच्या दाखल्याचं काम काढा. ग्रंथालय, वसतिगृह, विभागांची लॉगबुकं, कुठल्या तरी विभागाकडून उचललेला हाडांचा संच. यातलं अवघड काहीच नाही, पण एकेका सहीसाठी माणूस जागेवर सापडायला लागतो. विभागप्रमुख ऑपरेशन थिएटरमध्ये असतात, परिषदेला गेलेले असतात, रजेवर असतात. समारंभाच्या आठवड्यात सगळी बॅच एकाच खिडकीपुढे उभी असते, तेव्हा तुम्ही तिथे नसलेलं बरं.

ज्यांना जाणं शक्यच नाही, त्यांच्यासाठी अनुपस्थितीत पदवी घेण्याची सोय बहुतेक विद्यापीठांत असते. तिचाही अर्ज आणि मुदत असते. न कळवता गैरहजर राहिलं तर काही ठिकाणी पदवी पुढच्या समारंभापर्यंत ढकलली जाते, आणि तुमची नोंदणी किंवा पुढचा प्रवेश त्या कागदावर अडून असेल तर ही मोठी भानगड होते.

नाव: इथे घाई नको

पदवीवर छापलेलं नाव पुढे आयुष्यभर दुसऱ्या कागदांशी जुळवून बघितलं जातं. शाळा सोडल्याचा दाखला, पासपोर्ट, गुणपत्रिका, वैद्यक परिषदेची नोंदणी, परदेशी परीक्षांचे अर्ज. एखाद्या अक्षराचा फरक असला तरी कुठलाही कारकून फाइल बाजूला ठेवतो आणि मग शपथपत्रं सुरू होतात. ते चूक करत नाहीत. खोट्या पदव्या पकडण्याचा तोच एक साधा उपाय त्यांच्या हातात असतो.

मसुदा यादी लावली जाते किंवा ईमेलने येते, तेव्हा ती पासपोर्ट समोर ठेवून अक्षरन्‌अक्षर वाचा. घाईत वाचून ‘ओके’ पाठवू नका. आपलं नाव आपण वाचत नाही, ओळखतो, त्यामुळे त्यातली चूक आपल्याच डोळ्यांतून निसटते. मित्राला मोठ्याने एकेक अक्षर वाचायला सांगा आणि तुम्ही पासपोर्टवर बोट ठेवून ऐका. नावातल्या शब्दांचा क्रम, आडनाव आधी की नंतर, मधलं नाव पूर्ण की आद्याक्षर, लग्नानंतर बदललेलं नाव, आणि तुमच्या विद्यापीठात पदवी दोन भाषांत छापत असतील तर दोन्हीकडचं नाव, एवढं नीट तपासा. विद्यापीठाच्या मूळ नोंदीतच चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज आत्ताच करा. पदवी छापून झाल्यावर दुरुस्तीला शुल्कही जास्त आणि वेळही जास्त.

नावाचा दुसरा भाग उच्चाराचा. व्यासपीठावरून नाव पुकारणारी व्यक्ती तुम्हाला ओळखत नसते, कदाचित तुमची भाषाही तिला येत नसते. बऱ्याच ठिकाणी एक कार्ड देतात, त्यावर नाव कसं उच्चारायचं ते तुम्ही लिहायचं असतं. हे कार्ड बहुतेक जण रांगेत उभ्या उभ्या खरडतात. घरूनच ठरवून जा. तोडून लिहा, ज्या अक्षरावर जोर येतो ते ठळक करा आणि ज्याला तुमची भाषा येत नाही अशा कुणाकडून तरी एकदा वाचून घ्या. ‘ज्ञानदा’, ‘मृण्मयी’, ‘हृषीकेश’ अशी नावं परक्या माणसासमोर पहिल्यांदाच येतात, तेव्हा तो काय म्हणेल याचा नेम नाही. काही विद्यापीठं आता आवाजाची रेकॉर्डिंगही घेतात. ती मागितली तर द्याच. आई-बाबा तासन्‌तास बसलेले असतात ते त्या दोन-तीन शब्दांसाठी.

ड्युटी आणि सुट्टी

इतर शाखांच्या मुलांना हा प्रश्न नसतो. तुम्ही वॉर्डात किंवा कॅज्युअल्टीत काम करत असाल तर त्या दिवसाची आणि आदल्या रात्रीचीही अदलाबदल आधी करून ठेवा, आणि लेखी करा. अख्ख्या बॅचला एकाच दिवशी सुट्टी हवी असते, त्यामुळे अदलाबदलीला माणूस मिळेल तो एक तर मागच्या बॅचचा, नाही तर पुढच्या. ‘मी बघतो ना, तू जा’ असं तोंडी सांगणाऱ्यावर विसंबू नका. त्याचं मन चांगलं असतं, पण ड्युटीच्या तक्त्यावर नाव तुमचंच राहतं. नाईट करून सकाळी थेट समारंभाला जाण्याची मर्दुमकी तर नकोच. रात्रभर जागून, उपाशीपोटी, जाड गाऊनमध्ये तासभर उभं राहिलं की काय होतं हे डॉक्टरांना वेगळं सांगायला नको, तरी पुढे सांगणार आहे.

पाहुणे

जागा मोजक्या असतात. दोन पास, चार पास, असंच काही तरी. पास हातात यायच्या आधी कुणाला ‘या’ म्हणू नका. जादा पास मागण्याची सोय कधी कधी असते, पण ती शेवटच्या आठवड्यात आणि मिळाली तर मिळाली अशी.

पाहुण्यांना तीन गोष्टी लेखी पाठवा, फोनवर सांगू नका. दरवाजे किती वाजता उघडतात आणि किती वाजता बंद होतात (मिरवणूक सुरू झाली की बऱ्याच ठिकाणी आत सोडत नाहीत). गाडी कुठे लावायची. आणि समारंभ संपल्यावर भेटायचं कुठे. ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची. हजारभर माणसं एकदम बाहेर पडतात, सगळेच फोन लावतात, नेटवर्क मान टाकतं. ‘बाहेर भेटू’ याला काही अर्थ नसतो. ‘मुख्य दरवाज्याच्या डाव्या हाताला, पुतळ्याजवळ’ याला असतो.

आजी-आजोबा येणार असतील तर व्हीलचेअरची जागा, लिफ्ट आणि जवळचं स्वच्छतागृह आयोजकांना आधी विचारून ठेवा. बहुतेक ठिकाणी वेगळी जागा राखलेली असते, पण ती मागणाऱ्याला मिळते. तान्ही मुलं असतील तर त्यांच्यासोबतच्या माणसाला कडेची खुर्ची. समारंभ दोन-तीन तास चालतो आणि त्यातला तुमचा वाटा काही सेकंदांचा. पाहुण्यांना तुमचा साधारण क्रमांक कळवलात तर मधल्या वेळात त्यांना उठून पाय मोकळे करता येतील.

भेटवस्तू किंवा केकवर काढायच्या चिन्हाबद्दल कुणी विचारलं तर सांगा: एक काठी, तिला वेटोळं घातलेला एकच साप, पंख नाहीत. ती ॲस्क्लेपिअसची काठी, ग्रीकांच्या वैद्यकदेवतेची. जागतिक आरोग्य संघटनेच्या बोधचिन्हातही तीच आहे. दोन साप आणि पंखांची काठी हर्मिसची, म्हणजे देवांच्या निरोप्याची आणि व्यापाऱ्यांच्या पाठीराख्याची. अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय दलाने १९०२ साली ती स्वीकारली आणि तिथून गोंधळ पसरला तो पसरलाच. दुकानात मिळणाऱ्या निम्म्याअधिक वस्तूंवर व्यापाऱ्यांचीच काठी असते. कुणी दिलीच तर हसून घ्या.

गाऊन, हूड आणि टोपी

गाऊन भाड्याने मिळतो की विकत घ्यावा लागतो ते परिपत्रकात असतं. माप देताना उंची चपला-बुटांसकट सांगा आणि खांद्याचं माप अंदाजे टाकू नका. गाऊनचा घेर नडगीच्या मध्यावर यायला हवा. त्याहून खाली आला तर पायऱ्या चढताना पाय अडकतो.

रंगांना अर्थ असतो, पण तो सगळीकडे एक नसतो. अमेरिकेत १८९५ साली विद्यापीठांच्या पोशाखाची एक समान संहिता ठरली, तिच्यात वैद्यकासाठी हिरवा रंग आला. तिथे एम.डी. ही डॉक्टरेट दर्जाची पदवी असल्याने गाऊनच्या बाह्यांवर मखमलीचे तीन पट्टे असतात आणि हूडची कड हिरव्या मखमलीची. हूडच्या आतलं अस्तर मात्र विद्यापीठाच्या स्वतःच्या रंगांचं. ब्रिटनमध्ये प्रत्येक विद्यापीठाचा पोशाख निराळा. म्हणून दुसऱ्या महाविद्यालयातल्या बहिणीचा गाऊन ‘सारखाच तर आहे’ म्हणून उचलू नका. रांगेत एकटेच वेगळे दिसाल.

आता हूड. सगळ्यात जास्त छळतो तो हाच. नाव हूड असलं तरी तो डोक्यावर घ्यायचा नसतो, गळ्यातून पाठीवर सोडायचा असतो. त्याचं सगळं वजन पाठीमागे असतं, त्यामुळे तो सतत मागे ओढला जातो आणि पुढचा पट्टा गळ्याला काचतो. यासाठी पुष्कळ हूडना पुढच्या टोकाला एक बारीक दोरीचा फास असतो, तो शर्टाच्या बटणात अडकवायचा. बटण नसलेला पोशाख असेल तर आतून सेफ्टी पिन लावा, आणि एक नाही, तीन. एक गळ्यापाशी, दोन खांद्यांवर. आदल्या दिवशी आरशासमोर घालून पंधरा मिनिटं घरात फिरा. सरकतो कुठे ते लगेच कळतं.

काही महाविद्यालयांत हूड तुम्ही घालून यायचा नसतो, व्यासपीठावर गुरुजन घालतात. कुटुंबात कुणी डॉक्टर असेल तर काही ठिकाणी त्यांच्या हातून घालून घेता येतो, पण त्यासाठी आधी नाव द्यावं लागतं. अशा वेळी हूड घडी करून डाव्या हातावर घेऊन जायचा, म्हणजे घालणाऱ्याला तो सहज उचलता येतो. तुम्ही उंच असाल आणि घालणारे सर बुटके असतील तर गुडघ्यात किंचित वाका. तालमीत करून बघितलेलं असेल तर फोटोत टोपी नाकावर येत नाही.

टोपी असेल तर तिची चौकोनी फळी जमिनीला समांतर ठेवायची, मागे कलंडलेली नाही. केसांच्या पिना लागतात. गोंडा कुठल्या बाजूला हे विद्यापीठ सांगेल. बऱ्याच ठिकाणी तो आधी उजवीकडे असतो आणि पदवी मिळाल्यावर डावीकडे नेतात, पण डॉक्टरेट दर्जाच्या पदवीला काही जण सुरुवातीपासून डावीकडेच ठेवतात. शेजाऱ्याचं बघून बदलू नका, शेजारीही तुमचंच बघत असतो.

गाऊन पाकिटातून निघतो तेव्हा घड्यांनी भरलेला असतो. कापड बहुधा पॉलिस्टर, इस्त्री थेट टेकवली तर चकाकता डाग पडतो किंवा कापड वितळतं. गाऊन हँगरवर लावून न्हाणीघरात टांगा, गरम पाणी सोडून दार लावून घ्या, बऱ्याच घड्या वाफेने उतरतात. आतले कपडे सुती आणि हलके. बूट नवे असतील तर आठवडाभर वापरून घ्या. खाली दिसतं ते फक्त पावलं आणि नडगी, त्यामुळे फोटोत बुटांना वाटतं त्याहून जास्त महत्त्व येतं.

शपथ: वाचून जा

इतर शाखांच्या समारंभात आणि आपल्या समारंभात खरा फरक हाच. शपथ सगळे मिळून घेतात. कुणी तरी ज्येष्ठ डॉक्टर एकेक वाक्य म्हणतात आणि सभागृहातली बॅच उभी राहून मागोमाग म्हणते. पहिल्यांदाच ऐकणाऱ्याचं अर्धं लक्ष पुढचे शब्द पकडण्यात जातं आणि आपण काय कबूल करतोय हे राहूनच जातं. म्हणून आठवडाभर आधी महाविद्यालयाकडून मजकूर मागून घ्या. मागितला तर देतात. मागणारे फार नसतात, एवढंच.

मजकूर कुठला असेल याचे साधारण तीन-चार पर्याय. सगळे त्याला हिप्पोक्रेटिसची, म्हणजे प्राचीन ग्रीक वैद्याच्या नावाची शपथ म्हणतात, पण मूळ ग्रीक शपथ जशीच्या तशी आज क्वचितच घेतली जाते. तिची सुरुवात अपोलो, ॲस्क्लेपिअस, हायजिया आणि पॅनेशिया या ग्रीक देवतांना साक्ष ठेवून होते. गुरूच्या मुलांना फुकट शिकवीन, कुणी मागितलं तरी प्राणघातक औषध देणार नाही, अशी वचनं तिच्यात आहेत. मुतखड्यासाठी शस्त्र चालवणार नाही, ते काम करणाऱ्यांवर सोपवीन, असंही एक वाक्य आहे. युरोलॉजीला जाणाऱ्यांनी यावर काय करायचं ते त्यांनी ठरवावं. आणि ‘प्रथम, अपाय करू नका’ हे सगळ्यांच्या तोंडी असलेलं वाक्य त्या शपथेत त्या शब्दांत नाहीच. प्रसिद्ध वचन लॅटिनमध्ये आहे, शपथ ग्रीकमध्ये. जवळचा विचार हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या साथींवरच्या ग्रंथात सापडतो. भाषणात हे वाक्य वापरणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा, समोर एखादे तरी सर बसलेले असतात ज्यांना हे माहीत असतं.

दुसरा पर्याय जिनिव्हा घोषणेचा. दुसऱ्या महायुद्धात डॉक्टरांच्याच हातून माणसांवर अमानुष प्रयोग झाले, आणि त्या पार्श्वभूमीवर जागतिक वैद्यक संघटनेने १९४८ साली जिनिव्हात हा मजकूर स्वीकारला. त्यात अनेकदा बदल झाले, शेवटचा मोठा बदल २०१७ चा. त्या वर्षीपासून रुग्णाच्या स्वायत्ततेचा आदर करण्याचं वचन त्यात आलं. गुरूंबरोबर सहकारी आणि विद्यार्थी यांचाही मान राखण्याची गोष्ट आली. आणखी एक वाक्य आलं, जे मला सगळ्यात जास्त पटतं: उत्तम दर्जाची सेवा देता यावी म्हणून मी स्वतःच्या आरोग्याची, स्वास्थ्याची आणि क्षमतांची काळजी घेईन. सलग ड्युट्यांनी पिळून निघालेल्या मुलांच्या रांगेत हे वाक्य म्हटलं जातं तेव्हा हशा पिकलेला ऐकू येतो. पण वाक्य शपथेत आहे, सल्ल्यात नाही.

तिसरा, अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी वापरला जाणारा, अमेरिकी डॉक्टर लुई लसान्या यांनी १९६४ साली लिहिलेला आधुनिक मजकूर. शिवाय काही महाविद्यालयांत बॅच स्वतःच आपली शपथ लिहिते. तुमच्या बॅचला तशी संधी असेल तर समितीत जा. गाऊनच्या रंगावर वाद घालणाऱ्या समितीपेक्षा तिथे वेळ सत्कारणी लागतो.

वाचताना कुठे अडखळलात, एखादं वाक्य तुमच्या श्रद्धेला किंवा विवेकाला पटलं नाही, तर समारंभाच्या दिवशी ओठ मिटून उभं राहण्याऐवजी आधीच अधिष्ठात्यांशी बोला. बहुतेक ठिकाणी पर्यायी शब्द असतात. आणि मजकूर दोन-तीनदा मोठ्याने वाचून बघा. मनात वाचलेलं आणि आवाज काढून म्हटलेलं यात फरक पडतो, विशेषतः लांब वाक्यांत श्वास कुठे घ्यायचा हे कळतं.

काही समारंभांत शपथेच्या वेळी प्रेक्षकांतल्या डॉक्टरांनाही उभं राहून ती पुन्हा घ्यायला सांगतात. घरात डॉक्टर असतील तर त्यांना आधी कल्पना द्या.

आदला दिवस

रंगीत तालीम असेल तर चुकवू नका. कुठून चढायचं, कुठे थांबायचं, कुठून उतरायचं हे तिथेच कळतं.

पिशवी रात्रीच भरा: गाऊन, हूड, टोपी, ओळखपत्र, प्रवेशपत्र, सेफ्टी पिना, केसांच्या पिना, रुमाल, पाण्याची छोटी बाटली, दोन घास खाता येईल असं काही, चष्मा, नेहमीची औषधं. रांगेत पर्स किंवा बॅग नेऊ देत नाहीत आणि गाऊनला खिसे असतीलच असं नाही, म्हणून मिरवणुकीआधी पिशवी कुणाकडे द्यायची ते ठरवून ठेवा. गाडीची किल्ली ज्याच्याकडे देता, तो समारंभ संपेपर्यंत जागेवर असणारा माणूस हवा.

मग झोपा. पार्टी उद्या.

समारंभाचा दिवस

नाश्ता करून निघा. तुम्हाला पाहुण्यांच्या आधी, वेगळ्या खोलीत हजर व्हायचं असतं. हजेरी, कार्ड वाटप, क्रमाने रांग, आणि मग बराच वेळ नुसतं थांबणं. या वेळात स्वच्छतागृहात जाऊन या. तहान लागली नसली तरी थोडं पाणी प्या.

रांगेतला क्रम मोडू नका. नाव पुकारणाऱ्याच्या हातात यादी त्याच क्रमाची असते. मैत्रिणीशेजारी उभं राहायला म्हणून दोन जागा पुढे सरकलात तर तुमच्या नावावर दुसराच चालत जातो.

मिरवणूक सुरू झाली की हळू चला. पुढच्या माणसापासून दोन पावलांचं अंतर ठेवा. प्राध्यापक आणि मान्यवर येतात, काही ठिकाणी पुढे राजदंड घेतलेली व्यक्ती असते, आणि सगळे स्थिरस्थावर होईपर्यंत उभं राहायचं असतं. चक्कर येते ती इथे. गुडघे ताठ करून निश्चल उभं राहिलं की पोटऱ्यांचे स्नायू काम करत नाहीत, रक्त पायांत साठतं, हृदयाकडे कमी परततं. वर गर्मी, वर उपाशीपोट. गुडघे किंचित सैल ठेवा, बुटातल्या बुटात बोटं दुमडा, टाचा हळूच उचला-टेकवा. जांभया, घाम, डोळ्यांपुढे अंधारी, कानात गुणगुण अशी सुरुवात झाली तर लगेच खाली बसा, लाजू नका. नवे डॉक्टर सभागृहभर असतात, त्यांच्यातल्या कुणाला तरी पहिली केस मिळेल, पण ती तुम्ही असण्याची गरज नाही.

व्यासपीठावर हातांचं एकच सूत्र ध्यानात ठेवा: डावा पदवी घेण्यासाठी, उजवा हस्तांदोलनासाठी. पदवीची फाइल डाव्या हातात येते, त्याच वेळी उजवा हात पुढे जातो. ही अदलाबदल ऐन वेळी डोक्यात बसत नाही, म्हणून घरी मासिकाची गुंडाळी घेऊन भावाबरोबर दोनदा करून बघा. हात मिळवताना खाली बघू नका, देणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघा आणि छायाचित्रकार दिसला की क्षणभर थांबा. घाईने पुढे सरकणाऱ्यांचे फोटो पाठमोरे येतात. जागतिक आरोग्यावर कुलगुरूंशी बोलण्याची ही वेळ नाही, ‘धन्यवाद सर’ पुरे. उतरताना गाऊन एका हाताने किंचित उचला, पायऱ्या चढण्यापेक्षा उतरताना जास्त पडझड होते.

फाइल उघडल्यावर ती रिकामी निघाली किंवा आत नुसतं अभिनंदनाचं पत्र असलं तर घाबरू नका. अनेक ठिकाणी खरी पदवी नंतर सहीने घ्यायची असते किंवा टपालाने येते.

तुमचं झालं म्हणून उठून जाऊ नका. आडनावाच्या क्रमात शेवटी येणाऱ्यांनी तुमच्यासाठी टाळ्या वाजवलेल्या असतात.

फोटो आणि फोन

समारंभात घरच्यांनी मधल्या वाटेत उभं राहून फोटो काढू नयेत, मागच्यांचं दिसणं बंद होतं. व्यासपीठावरचा फोटो अधिकृत छायाचित्रकार काढतोच. कुटुंबाचे फोटो समारंभाआधी काढून ठेवले तर उत्तम. नंतर गर्दी असते, केस विस्कटलेले असतात आणि आजोबांना भूक लागलेली असते.

गाऊनमध्ये वॉर्डात जाऊन फोटो काढायची टूम असते. मागे एखादा रुग्ण, केसपेपर, संगणकाचा पडदा, पाटीवरचं नाव आलं तर तो फोटो टाकू नका, पुसून टाका. रुग्णाची गुपितं त्याच्या मृत्यूनंतरही जपीन असं वाक्य जिनिव्हाच्या मजकुरात आहे, आणि ते म्हणून तासही झालेला नसतो. भाषण करणाऱ्यांनाही हेच लागू. ‘माझी पहिली रुग्ण’ ही गोष्ट सांगायची असेल तर गाव, वय, आजार यांतलं इतकं बदला की तिच्या शेजारणीलाही ती ओळखू येऊ नये. नाही जमलं तर दुसरी गोष्ट सांगा.

पदवीचा जवळून काढलेला फोटोही समाजमाध्यमांवर नको. क्रमांक, सही, शिक्का सगळं स्पष्ट दिसतं आणि बनावट कागद करणाऱ्याला आयता नमुना मिळतो.

समारंभानंतर

गाऊन परत करायची वेळ बहुधा त्याच दिवसाची असते. अनामत रक्कम अडकते ती इथे. परत केल्याची पावती घ्या.

त्याच संध्याकाळी नातेवाईक रिपोर्ट काढून दाखवायला लागतात. कुणाचं कोलेस्टेरॉल, कुणाची गुडघेदुखी. पदवी आणि वैद्यकी करण्याचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेक देशांत नोंदणी झाल्याशिवाय स्वतंत्रपणे औषध लिहून देता येत नाही. रिपोर्ट बघायला हरकत नाही, पण गोळी बदलू नका. ‘तुमच्या डॉक्टरांना दाखवा’ हे वाक्य आजपासून पाठ करा, लागतं.

पदवी हातात आली की पहिल्यांदा पुन्हा एकदा नाव वाचा. मग स्वच्छ स्कॅन करून दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. लॅमिनेशन करू नका. शिक्का, उठावाचा ठसा किंवा कागदाचा पोत तपासता येत नाही म्हणून लॅमिनेट केलेली पदवी पुष्कळ कार्यालयं नाकारतात, आणि पुढे तिच्यावर प्रमाणीकरणाचा शिक्काही मारता येत नाही. फ्रेम करायची असेल तर प्रतीची करा, मूळ कागद सपाट फाइलमध्ये, कोरड्या जागी. साक्षांकित प्रती थोड्या जास्तच काढून ठेवा.

परदेशात जायचं असेल तर पदवी अपोस्टील करून (म्हणजे कागद खरा असल्याचा, दुसऱ्या देशात चालणारा सरकारी शिक्का मारून) लागते का ते त्या देशाच्या परिषदेच्या संकेतस्थळावर बघा. १९६१ च्या हेग कराराखाली येणाऱ्या देशांत तो एक शिक्का चालतो, बाकीच्यांना दूतावासाची लांबण लागते. विद्यापीठातून थेट पाठवायच्या गुणपत्रिका आणि पडताळणीचे अर्ज याच आठवड्यात टाका. शहर सोडल्यावर त्याच खिडकीपुढे पुन्हा उभं राहायला कुणाला तरी पाठवावं लागतं, आणि त्या माणसाला अधिकारपत्र लागतं, त्यावर तुमची सही लागते, ती तुमच्या नोंदीतल्या सहीशी जुळावी लागते.